मापांच्या गावात एक सत्र

बारावीच्या जीवशास्त्रातली एक ओळ सगळ्यांनीच घोकलेली असते: जिवाणूंचे रायबोझोम ७० एस, आपल्या पेशींतले ८० एस. हा ‘एस’ कशाचा, हे परीक्षेत सहसा येत नाही आणि म्हणून वर्गातही येत नाही. तो ‘एस’ स्वेडबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाच्या आडनावाचा. अणूंमधली अंतरं लिहिताना येणारा अँगस्ट्रॉम, रोजच्या हवामानाच्या बातमीतला सेल्सिअस आणि हापूसपासून रायवळपर्यंत सगळ्या आंब्यांना ‘मँजिफेरा इंडिका’ या एकाच नावाखाली बसवणारा कार्ल लिनियस, हे तिघंही स्वेडबर्गच्याच गावात शिकवून गेले. काळ वेगवेगळे, विद्यापीठ एकच: उप्साला.

त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या कॉलेजातून सहा महिन्यांसाठी तिथं गेलेल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला गाव नवं असलं, तरी गावातली नावं ओळखीची निघतात. ‘अँगस्ट्रॉम लॅबोरेटरी’ ही पाटी वाचताना पाठ्यपुस्तकाचं जुनं पान समोर आल्यासारखं वाटतं. नवी असतात ती रोजच्या जगण्याची मापं. दहाचा वर्ग किती वाजता सुरू होतो, सरांना काय म्हणायचं, किती अंशांना थंडी म्हणायचं, किती मार्क म्हणजे चांगले मार्क. सत्राचे पहिले दोन महिने ही मापं जुळवण्यातच जातात.

उप्साला स्टॉकहोमच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर आहे. आर्लांडा विमानतळ या दोन शहरांच्या मध्येच, म्हणून विमानातून उतरलेला विद्यार्थी राजधानीचं तोंडही न बघता आगगाडीनं वीसेक मिनिटांत उप्सालाला पोचतो. लांबूनच दोन खुणा दिसतात: जवळजवळ ११९ मीटर उंचीचे कॅथेड्रलचे जोडमनोरे आणि टेकडीवरचा फिकट गुलाबी राजवाडा. मधून फ्यूरिस नावाची लहानशी नदी वाहते. पश्चिम तीरावर चर्च आणि विद्यापीठ, पूर्व तीरावर बाजारपेठ, अशी गावाची जुनी वाटणी आजही चालताना जाणवते. विद्यापीठ १४७७ सालचं, नॉर्डिक देशांतलं सर्वांत जुनं. तेव्हा दख्खनेत बहामनी राज्य होतं आणि बीदरला महमूद गवानचा मदरसा उभा राहून जेमतेम पाच वर्षं झाली होती. आज या विद्यापीठात ५० हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत, आणि सप्टेंबरातल्या कुठल्याही सकाळी ते सगळे एकाच वेळी सायकलवर बसून बाहेर पडले आहेत असं वाटतं.

तिथं जायचे मार्ग दोन, आणि त्यांत पैशाचा फरक मोठा आहे. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडननं २०११च्या शरद सत्रापासून शुल्क लावलं. त्याआधी तिथलं शिक्षण सगळ्यांनाच मोफत होतं. विनिमय कार्यक्रमातून, म्हणजे दोन विद्यापीठांमधल्या करारातून, एका-दोन सत्रांसाठी जाणाऱ्याला मात्र तिथं शुल्क पडत नाही. युरोपात या देवाणघेवाणीचं मोठं नाव ‘इरॅस्मस’. १९८७ साली ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी ही योजना सुरू झाली. पुढे तिचंच ‘इरॅस्मस प्लस’ झालं आणि युरोपबाहेरच्या विद्यापीठांशीही तिच्यातून करार होऊ लागले. करार असेल तर आपलं विद्यापीठ विद्यार्थ्याची शिफारस करतं, तिकडचं विद्यापीठ प्रवेशपत्र पाठवतं, आणि कोणते विषय घेणार याचा ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा कागद दोन्हीकडच्या सह्यांनी तयार होतो. मुक्काम तीन महिन्यांहून जास्त असला तर निवासपरवाना निघण्यापूर्वीच काढावा लागतो, आणि त्यासाठी खर्चापुरते पैसे खात्यात असल्याचं दाखवावं लागतं. शुल्क माफ असलं तरी खोली, खाणं आणि विमान माफ नसतं.

पहिल्या दिवशीची फजिती बहुतेकांची सारखीच. वेळापत्रकात १०.०० लिहिलेलं असतं. आपला विद्यार्थी दहाला पाच कमी असताना जाऊन बसतो. वर्गात कुणीच नाही. तो खोलीचा क्रमांक पुन्हा तपासतो, कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना जाऊन येतो. दहा वाजून बारा मिनिटांनी मुलं येऊ लागतात आणि बरोबर सव्वादहाला व्याख्यान सुरू होतं. याला ‘अकादमिक पाव तास’ म्हणतात. घड्याळ ज्याच्या-त्याच्या खिशात नव्हतं तेव्हा चर्चची घंटा तास सांगायची, आणि घंटा ऐकून वर्गापर्यंत पोचायला पाव तास मिळायचा, अशी त्याची गोष्ट सांगतात. म्हणजे वेळापत्रकातला दहा हा सव्वादहा असतो. पण सव्वादहा हा मात्र दहा सोळा नसतो. आपल्याकडच्या ‘दहापर्यंत येतो’शी त्याची गल्लत केली, तर दार उघडून आत शिरताना सगळा वर्ग वळून बघतो.

दुसरा धक्का बोलण्याचा. प्राध्यापकांना ‘सर’ म्हणायचं नाही, ‘प्रोफेसर अमुक’ही म्हणायचं नाही. नुसतं पहिलं नाव, आणि स्वीडिशमध्ये बोलत असलात तर ‘दू’, म्हणजे चक्क ‘तू’. ज्याच्या घरी वडिलांनाही ‘अहो बाबा’ म्हणतात, त्याची जीभ इथं अडखळतेच. ईमेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर’ खोडून नुसतं नाव टाकायला पहिल्या खेपेस पाच मिनिटं लागतात. ही रीत तिथंही फार जुनी नाही. १९६०च्या दशकापर्यंत स्वीडनमध्ये हुद्दा आणि आडनाव घेऊन तिसऱ्या पुरुषात बोलायची पद्धत होती: ‘डॉक्टर अमुक कॉफी घेणार का?’ ती मोडायला जी मंडळी निमित्त झाली त्यांत ब्रूर रेक्सेड यांचं नाव आघाडीवर आहे. १९६७ साली ते देशाच्या वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले आणि स्वागताच्या भाषणातच त्यांनी जाहीर केलं की कार्यालयात सगळ्यांना ‘तू’च म्हणणार. हे रेक्सेड त्याआधी उप्सालात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. मज्जारज्जूतल्या करड्या भागाचे त्यांनी पाडलेले दहा थर जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ‘रेक्सेड लॅमिनी’ या नावानं पाठ करतात. आपल्याकडच्या एमबीबीएसच्या मुलांना ते थर माहीत असतात. ‘तू’ची गोष्ट माहीत नसते.

या ‘तू’चा अभ्यासावर परिणाम होतो. प्रश्न विचारणं म्हणजे सरांना अडचणीत आणणं, असं वाटत नाही. सूत्र मांडताना प्राध्यापकाची चूक झाली तर पहिल्या बाकावरची मुलगी ‘ते चिन्ह उणे हवं ना?’ असं शांतपणे म्हणते, तो ‘हो, खरंच’ म्हणून पुसतो आणि तास पुढे चालू राहतो. विभागाच्या समित्यांवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी बसतात, तो त्यांचा कायद्यानं दिलेला हक्क आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्यांची मतं विचारणं विद्यापीठावर बंधनकारक आहे.

अभ्यासाचं मापही वेगळं. पूर्ण वेळाच्या एका सत्राला ३० श्रेयांक, वर्षाला ६०. दीड श्रेयांक म्हणजे एका आठवड्याचं, साधारण ४० तासांचं काम. या ४० तासांत व्याख्यानं कमी आणि वाचन, प्रयोग, गटचर्चा जास्त. सहा-सात विषय वर्षभर समांतर चालवून शेवटी एकदम परीक्षा, असा प्रकार नसतो. सत्राचे दोन तुकडे पाडतात. एका तुकड्यात एक किंवा दोन विषय चालतात, त्यांची परीक्षा होते आणि मग पुढचे. एक विषय घेऊन त्यातच बुडून राहायची ही पद्धत सुरुवातीला आरामाची वाटते. तिसऱ्या आठवड्यात कळतं की मधे एक आठवडा जरी सुटला, तरी विषयाचा पाचवा-दहावा भाग हातचा गेला.

प्रयोगशाळेत जोडीनं काम करायचं. अपेक्षित उत्तर आधी जर्नलात लिहून मग वाचनं त्याच्याशी जुळवायची, ही आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांतली जुनी कला तिथं निरुपयोगी ठरते, कारण मार्गदर्शक उत्तराहून त्रुटीबद्दल जास्त विचारतो. वाचन चुकलं, तर का चुकलं असावं? उपकरणाची मर्यादा किती? अहवाल पटला नाही तर तो शेरे मारून परत येतो, दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. प्रयोगाचा भाग पुरा केल्याशिवाय विषय पुरा होत नाही.

लेखी परीक्षा सहसा चार-पाच तासांची. बाकावर ओळखपत्र, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, आणि शेजारी केळं, सँडविच, कॉफीचा थर्मास. परीक्षेच्या मधेच आजूबाजूची मंडळी निवांतपणे सँडविच खायला लागतात, हे दृश्य आपल्या मुलांना पचायला वेळ लागतो. विज्ञान शाखेत श्रेणी बहुधा चारच: ३, ४, ५ आणि नापासासाठी ‘यू’. नापास झालं तर फेरपरीक्षा असते आणि तिचा कुणी बाऊ करत नाही. परीक्षेच्या संधींवर मर्यादा घालायचीच झाली तर त्या किमान पाच हव्यात, असा देशाचा नियमच आहे. मात्र एका सत्रासाठी आलेल्यानं एक गोष्ट लक्षात ठेवावी: फेरपरीक्षेची तारीख बऱ्याचदा परतीच्या विमानानंतरची असते.

दुपारी बारा वाजता अँगस्ट्रॉम लॅबोरेटरीतला मराठी पाहुणा एका गोष्टीनं चटकन घरी पोचतो. ती गोष्ट म्हणजे डबा. स्वीडिश विद्यार्थी घरून डबा आणतात. त्याला ते ‘मातलोदा’ म्हणतात, म्हणजे शब्दशः जेवणाची पेटी. विद्यापीठाच्या इमारतींत ओळीनं मायक्रोवेव्ह मांडलेले असतात आणि त्यांच्यासमोर प्राध्यापकांसकट सगळे रांगेत उभे असतात. बाहेर जेवणं महाग, म्हणून आपली मुलंही आठवड्याभरात डब्यावर येतात. भात, वरण, अंड्याची भुर्जी एवढ्यावर सत्र निघतं. मसाले आणि डाळी गावातल्या परदेशी किराणा दुकानांत मिळतात. मायक्रोवेव्हमधून फोडणीचा वास सुटला की ‘हे काय आहे?’ असं विचारत कुणीतरी शेजारी येऊन बसतं. ओळखी व्हायला मदत करण्यात वसतिगृहाहून लसूण पुढे असतो.

दुसरं निमित्त म्हणजे ‘फीका’. नाव असं, पण कॉफी मात्र कडक. सकाळी दहाच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास विभागातले सगळे हातातलं काम ठेवून एका टेबलाभोवती जमतात. दालचिनीचा पाव, कॉफी आणि गप्पा. गप्पा हवेवरून सुरू होतात आणि बऱ्याचदा कुणाच्या तरी बिघडलेल्या प्रयोगावर येऊन थांबतात. शेवटी प्रत्येकजण आपला कप आपण धुतो. ज्यांचे शोधनिबंध वाचून आपण इथवर आलो, तेच शेजारी उभे राहून कप विसळताहेत, हे बघितलं की ‘तू’ म्हणायला थोडं बळ येतं.

राहायची जागा अनेकांना मिळते ती गावाच्या पश्चिमेला, फ्लोग्स्ता नावाच्या वस्तीत. उंच इमारती, एका मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये डझनभर खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. फ्रीजमध्ये कुणाचा कप्पा कोणता यावरून शीतयुद्धं चालतात. कपडे धुण्याच्या खोलीची पाळी आधी नोंदवावी लागते. दुसऱ्याच्या पाळीवर यंत्र लावलं तर दारावर चिठ्ठी लागते आणि तिची भाषा गोड नसते. रात्री दहा वाजता मात्र सगळी वस्ती एक होते. ठोक्याला खिडक्या उघडतात आणि शेकडो मुलं अंधारात जीव खाऊन ओरडतात. ही ‘फ्लोग्स्ताची किंकाळी’. कशी सुरू झाली याच्या गोष्टी अनेक आहेत. नव्या माणसाला पहिल्या रात्री वाटतं, आग लागली. दुसऱ्या आठवड्यात, प्रयोगाचा अहवाल तिसऱ्यांदा परत आलेला असताना, तोही खिडकी उघडतो.

गावातलं विद्यार्थिजीवन चालतं ते ‘नेशन’ नावाच्या मंडळांवर. उप्सालात अशी १३ मंडळं आहेत आणि त्यांची नावं स्वीडनच्या प्रांतांवरून, शहरांवरून आहेत: नॉरलांड, स्मोलांड, स्टॉकहोम, गॉटलांड वगैरे. शेकडो वर्षांपूर्वी लांबच्या प्रांतांतून शिकायला आलेली मुलं आपापल्या गाववाल्यांना धरून राहू लागली, त्यातून ही उभी राहिली. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाच्या मंडळानं खोली घ्यायची आणि गावाहून आलेल्या चाकरमान्यानं तिथं पथारी टाकायची, ही रीत माहीत असलेल्या मराठी माणसाला नेशन समजावून सांगावं लागत नाही. पूर्वी सदस्यत्व सक्तीचं होतं. ही सक्ती २०१० साली उठली. प्रांताशी आता कुणाचा फारसा संबंध राहिलेला नाही, नागपूरचा मुलगा खुशाल गॉटलांड नेशनचा होतो. प्रत्येक नेशनची इमारत, ग्रंथालय, पब, गायकवृंद वेगळा. स्वयंपाक आणि वाढप विद्यार्थीच करतात. रीतसर मेजवानीला ‘गास्क’ म्हणतात. तिथं प्रत्येकाच्या हातात गाण्यांची पुस्तिका असते आणि दर थोड्या वेळानं जेवण थांबवून सगळे गातात. नीट न गाणाऱ्यालाही सूट नसते.

शनिवारी-रविवारी पायी फिरलं तर विज्ञानाचा इतिहास अर्ध्या दिवसात बघून होतो, इतका तो जवळजवळ मांडलेला आहे. कॅथेड्रलसमोर गुस्ताविआनुम ही विद्यापीठाची जुनी इमारत. तिच्या घुमटाखाली ओलोफ रुडबेकनं १६६०च्या दशकात बांधलेलं शवविच्छेदनाचं नाट्यगृह आहे. लाकडी कठड्यांचे चढत्या रचनेचे कडे, मधे टेबल, आणि सुमारे २०० माणसं उभी राहतील एवढी जागा. याच रुडबेकनं तरुणपणी लसिकावाहिन्यांचा शोध लावला होता आणि १६५२ साली राणी क्रिस्तिनासमोर कुत्र्याचं विच्छेदन करून त्या दाखवल्या होत्या. १६५५ साली त्यानंच गावातली वनस्पतींची बाग लावली. वरच्या कड्यावर उभं राहून खाली बघताना पाय थोडे लटपटतात, इतका उतार तीव्र आहे.

नदी ओलांडून बाजारपेठेत आलं की दुकानांच्या सरळ रांगेत एक घर तिरकं उभं दिसतं. रस्ता नंतर सरळ झाला, घर जुन्या रेषेतच राहिलं. हे अँडर्स सेल्सिअसचं घर. इथंच त्याची १७४१ सालची वेधशाळा होती. सेल्सिअस खगोलशास्त्राचा प्राध्यापक. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे की नाही हे मोजायला १७३६ साली फ्रेंच पथक लॅपलँडला गेलं, त्यात तोही होता. आणि ती चपटीच निघाली. १७४२ साली त्यानं तापमानाचं शंभर अंशांचं माप सुचवलं, पण उलटं: पाणी उकळतं तिथं शून्य आणि गोठतं तिथं शंभर. दोन वर्षांनी, वयाच्या ४२व्या वर्षी, तो क्षयानं गेला. माप पुढे काही वर्षांत सुलटं झालं. नाही तर जानेवारीत सायकल काढताना मुलांनी म्हटलं असतं, ‘आज ११५ अंश आहे, हातमोजे घाल.’

त्याच रस्त्यानं पुढे लिनियसची बाग. रुडबेकनं लावलेली बाग १७०२च्या मोठ्या आगीनंतर ओसाड पडली होती. १७४१ साली प्राध्यापक झालेल्या लिनियसनं ती नव्यानं उभी केली आणि बागेच्या कोपऱ्यातच राहायला आला. त्याच्या वर्गीकरणाच्या क्रमानं लावलेले वाफे आजही तसेच राखले आहेत. इथं मराठी विद्यार्थ्याची खरी करमणूक होते, कारण लिनियस महाराष्ट्रात कधी आला नाही, पण आपल्या ताटातलं आणि रानातलं पुष्कळ त्याच्या वहीत पोचलं होतं. १७५३च्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात आंबा आहे, नारळ आहे, भात आहे, मिरी आहे. १७६७ साली त्यानं करवंदाला नाव दिलं ‘कॅरिसा कॅरंडास’. यातला ‘कॅरंडास’ हा आपल्या करवंदाचाच भाऊबंद. गोव्यात राहणारे वैद्य गार्सिया दा ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या फळाचं वर्णन याच नावानं केलं होतं. सह्याद्रीत उन्हाळ्यात पळसाच्या पानाच्या द्रोणातून विकलं जाणारं फळ असं बाल्टिकच्या काठच्या लॅटिनमध्ये जाऊन बसलं.

लिनियसचा वर्ग भिंतींच्या बाहेर भरायचा. शंभराच्या वर विद्यार्थी घेऊन तो गावाभोवतीच्या ठरलेल्या आठ वाटांवर दिवसभर वनस्पती, किडे, दगड बघत हिंडायचा आणि संध्याकाळी सगळी वरात ढोल आणि शिंगांच्या गजरात बागेत परतायची. त्या वाटांवर आज खुणा लावलेल्या आहेत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानं त्यांतली एक तरी सप्टेंबरात पायाखाली घालावी. स्वीडनमध्ये रानातून फिरायचा, बोरंबेरं आणि अळंबी गोळा करायचा हक्क सगळ्यांना आहे, जमीन कुणाचीही असो. घराच्या अंगणात शिरायचं नाही आणि नासधूस करायची नाही, एवढंच पथ्य.

नोव्हेंबर आला की गावाची मापं पुन्हा बदलतात. उप्साला जवळजवळ ६० अंश अक्षांशावर आहे. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही ११ तासांचा असतो. उप्सालात २१ डिसेंबरला सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि पावणेतीनला मावळतो. दुपारचं व्याख्यान संपवून बाहेर पडलं तर रात्र. आपल्याकडून गेलेल्यांना थंडीचा त्रास अपेक्षित असतो, तिचं सामानही बरोबर असतं. अंधाराचं सामान कुणी नेलेलं नसतं. झोप बिघडते, कंटाळा येतो, भारताच्या वेळेत पडलेला साडेचार तासांचा फरक जास्त वाटू लागतो. तिथली मंडळी यावर साधे उपाय करतात: दुपारी बाराला, ढग असले तरी, अर्धा तास बाहेर चालायचं, खिडकीत कागदी तारा आणि दिवे लावायचे, १३ डिसेंबरला पहाटे डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेल्या लुसियाची मिरवणूक बघायला उठायचं. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हा नियम आहे, आणि बर्फ पडल्यावर खिळ्यांचे टायर ही गरज.

याच दिवसांत एखाद्या विभागात हातोड्याचा आवाज ऐकू येतो. पीएच.डी.चा प्रबंध छापून झाला की तो जाहीर चर्चेच्या किमान तीन आठवडे आधी लोकांसमोर ठेवावा लागतो, आणि त्याची जुनी रीत म्हणजे तो अक्षरशः खिळा मारून फळीवर ठोकायचा. कोपऱ्याला भोक पाडलेला तो ग्रंथ कुणीही उघडून वाचावा, चुका काढाव्यात. मग ठरलेल्या दिवशी बाहेरून आलेला प्रतिपक्ष सगळ्यांदेखत तास-दोन तास प्रश्न विचारतो. एक्स्चेंजला आलेल्यांनी असा एक तरी कार्यक्रम बघावा; प्रवेश सगळ्यांना खुला असतो.

अशा चर्चेत सगळं सुरळीतच होतं असं नाही. १८८४ साली स्वांटे अरेनियस नावाच्या २५ वर्षांच्या मुलानं याच विद्यापीठात प्रबंध मांडला: क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कण सुटे होतात. परीक्षकांना ते पटलं नाही. जेमतेम श्रेणी देऊन त्याला सोडलं. त्याच कल्पनेसाठी १९०३ साली अरेनियसला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि नोबेल मिळवणारा तो पहिला स्वीडिश ठरला. प्रयोगाचा अहवाल परत आलेल्या मुलांना ही गोष्ट फीकाच्या टेबलावर हमखास ऐकवली जाते.

स्वेडबर्गचं माप इथंच नीट समजतं. ५० एस आणि ३० एस असे दोन भाग मिळून रायबोझोम ८० एसचा न होता ७० एसचा होतो, हे कोडं बारावीत पाठ करून सोडवलेलं असतं. हे वजनाचं माप नव्हेच. प्रचंड वेगानं फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगानं तळाकडे जातो, त्याचं हे माप. कणाचा आकार बदलला की तेही बदलतं. दोन भाग जोडले की बेरीज लागू पडत नाही. असं यंत्र स्वेडबर्गनं १९२०च्या दशकात या गावात बनवलं आणि १९२६ साली त्याला नोबेल मिळालं.

वसंत सत्रात आलेल्या जीवशास्त्राच्या मुलांच्या वाट्याला आणखी एक मजा येऊ शकते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर फिस्केबेकशिल गावात विद्यापीठाचं ‘क्लुब्बान’ हे सागरी केंद्र आहे. तिथं नेलेल्या कोकणातल्या मुलाचा पहिला प्रश्न असतो, ‘ओहोटी कधी?’ आणि उत्तर मिळतं की ओहोटी जवळजवळ नसतेच. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. तिथं ते वीतभर. खडकावर उघडे पडलेले जीव वेचायची सवय असलेल्याला तिथं होडीतून जाळं टाकून तळ खरवडावा लागतो.

मग ३० एप्रिल, वालबोरी. सकाळी दहाला तंत्रशाखेची मुलं स्वतः बनवलेल्या विचित्र तराफ्यांवरून फ्यूरिसच्या धबधब्यात उड्या घेतात, बरेच तराफे तिथंच मोडतात. दुपारी तीनला कुलगुरू ‘कारोलिना रेडिव्हिवा’ ग्रंथालयाच्या सज्जातून पांढरी टोपी हलवतात आणि खाली टेकडीवर हजारो टोप्या हलतात. हिवाळा संपला, असं त्या दिवशी ठरतं. बर्फ पडत असला तरी.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या विद्यापीठाचा कुठल्या युरोपीय विद्यापीठांशी करार आहे याची यादी आंतरराष्ट्रीय कक्षात मिळते. ती निदान वर्षभर आधी मागावी, कारण शिफारस, प्रवेश, परवाना आणि खोली यांत महिने जातात. खोलीसाठी अर्ज करायची तारीख प्रवेशपत्राइतकीच जपावी. वर्षाहून कमी राहणाऱ्याला स्वीडनचा व्यक्तिक्रमांक मिळत नाही, आणि तो नसला की बँक खातं आणि मोबाइलवरून पैसे द्यायची तिथली सोय दोन्ही अवघड होतात. रोकड बऱ्याच दुकानांत घेतच नाहीत. म्हणून परदेशात चालणारी दोन कार्डं बरोबर असावीत. पदव्युत्तर स्तरावर इंग्रजीतले विषय पुष्कळ, पदवीच्या पहिल्या वर्षांत कमी. विषय निवडताना भाषा आधी पाहावी. जॅकेट तिथं जाऊन जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलं तर स्वस्त पडतं. सायकलही जुनीच घ्यावी, कुलूप मात्र नवं.

आणि एक शेवटचं. परतल्यावर गुणपत्रक म्हणून जो कागद हातात येतो, त्यावर विषय असतो, श्रेयांक असतात आणि पुढे एक आकडा: ३, ४ किंवा ५. तो घेऊन आपल्या परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभं राहिलं की आतून पहिला प्रश्न येतो, ‘टक्के किती?’ त्या कागदावर टक्क्यांचा रकाना नसतो. म्हणून तिकडचे श्रेयांक आणि श्रेणी इकडे कशा धरणार, हे निघण्यापूर्वीच विभागप्रमुखांच्या सहीनं लेखी घ्या आणि त्याची एक प्रत घरी ठेवून जा.